वरच्या कडेला पांढरं दिसलं की टीबीच? एका दुर्मिळ न्यूमोनियाचा एक्स-रे

व्ह्यूबॉक्स (कोथरूड)

फुफ्फुसाच्या वरच्या भागात पांढरा डाग, काही महिन्यांचा खोकला, संध्याकाळी कणकण, उतरलेलं वजन. आपल्याकडे या चार गोष्टी एकत्र आल्या की निदान कुणी उच्चारायचीही गरज उरत नाही. टीबी. आणि बहुतेक वेळा तो टीबीच असतो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर धागा अर्धवट वाचून कुणीतरी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, बंद करून मोकळं व्हायचं.

पण या चारही गोष्टी जशाच्या तशा असलेला आणखी एक आजार आहे: क्रॉनिक इओसिनोफिलिक न्यूमोनिया. नावात न्यूमोनिया असला तरी हा जंतुसंसर्ग नव्हे. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, ज्या एरवी अ‍ॅलर्जी आणि जंतांच्या वेळी कामाला लागतात, त्या फुफ्फुसाच्या वायुकोशांत गर्दी करून बसतात आणि तिथे दाह सुरू होतो. का, ते बऱ्याचदा सापडत नाही. १९६९ मध्ये कॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या नऊच्या नऊ रुग्ण बायका होत्या. आजही पुरुषांच्या साधारण दुप्पट बायका यात दिसतात. निम्म्याच्या आसपास लोकांना आधीपासून दमा असतो आणि सिगारेट ओढणारे यात फार कमी.

आता फिल्मकडे. हृदय कमकुवत होऊन फुफ्फुसात पाणी भरतं तेव्हा पांढरेपणा मध्यभागी, हृदयाच्या दोन्ही अंगांना वटवाघळाच्या पंखांसारखा पसरतो आणि कडा काळ्या राहतात. या आजारात बरोब्बर उलटं: मधला भाग काळा, म्हणजे हवेने भरलेला, आणि पांढरेपणा बाहेरच्या कडेला, त्यातही वरच्या अर्ध्यात. गेन्सलर आणि कॅरिंग्टन यांनी १९७७ मध्ये याला ‘पल्मनरी इडिमाची (म्हणजे फुफ्फुसात पाणी भरण्याची) फोटोग्राफिक निगेटिव्ह’ म्हटलं. वहीच्या मजकुराला धक्का न लागता नेमक्या समासात शाई सांडावी, तसं ते दिसतं. शिवाय हे डाग फुफ्फुसाच्या खंडांच्या सीमा पाळत नाहीत. साधा न्यूमोनिया बहुधा एखादा खंड धरून बसतो. हा बरगड्यांच्या आतल्या बाजूने सरळ वरून खाली उतरतो, मध्ये खंडाची भिंत आली तरी त्याला फरक पडत नाही.

माझा मुद्दा एवढाच. ‘डाग आहे’ एवढ्यावर थांबू नका, डाग कुठे आहे ते विचारा. आणि जुनी फिल्म असेल तर ती शेजारी लावल्याशिवाय नव्या फिल्मवर मत देऊ नका.

प्रश्न असतील तर विचारा. मात्र इथे कुणाच्या फिल्मचं निदान करणार नाही.

---

साबुदाणावडा

काका, ‘निगेटिव्ह’ समजावून सांगायला आमच्या लेकाला आधी रोलचा कॅमेरा दाखवावा लागेल.

प्रश्न: रिपोर्टात ‘पेरिफेरल’ लिहितात ते हेच ना, कडेचं? कोविडच्या वेळी आमच्या अख्ख्या इमारतीच्या सीटी रिपोर्टात हाच शब्द होता.

---

व्ह्यूबॉक्स

हो, तोच. कोविडचे डागही कडेला असायचे, पण ते जास्त करून खालच्या आणि पाठीकडच्या भागात, बरेचसे धुरकट काचेसारखे, आणि सगळा मामला दिवसांचा. हा आजार आठवडे नव्हे, महिने रेंगाळतो. बरेच रुग्ण दोन-तीन अँटिबायोटिकचे कोर्स संपवूनच आमच्यापर्यंत पोचतात. फिल्म वाचताना खोकला किती जुना आहे हे माहीत नसेल तर अर्धी माहिती हातातून गेली. आणि आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेकदा एवढंच असतं: ‘एक्स-रे चेस्ट पीए’. काय होतंय, कधीपासून, काही नाही!

---

मुठाकाठ

काका, तुमचा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण हे आमच्या घरात झालंय.

माझ्या जाऊबाई, धायरीला राहतात, चाळिशीच्या आतबाहेर, लहानपणापासून दमा. मागच्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला. आधी सगळ्यांनी रस्त्याच्या खोदकामाच्या धुळीवर ढकललं. मग ताप, रात्री घाम, ब्लाउज सैल व्हायला लागले. एक्स-रेत उजवीकडे वर ‘पॅच’. अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक. बेडक्याच्या तपासणीत काहीच आलं नाही, तरी ‘टीबीसारखंच दिसतंय’ म्हणून एकेटी सुरू. सासूबाईंनी ताट-वाटी वेगळी केली, तो एक निराळाच विषय.

एकेटीने भूक मेली, लघवी केशरी, पण खोकला तसाच. पुढच्या एक्स-रेत डाग डावीकडे! आम्हाला वाटलं पसरलं. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या आणि म्हणाले, पसरलं नाही, उजवीकडचं गेलंय आणि डावीकडे नवीन आलंय. मग त्यांनी फाइल चाळली. पहिल्याच महिन्यातला सीबीसी, रक्तपेशी मोजण्याचा साधा रिपोर्ट, तिथे पडून होता. इओसिनोफिल २८ टक्के. तो कागद आम्ही प्रत्येक ठिकाणी घेऊन फिरत होतो.

---

सीबीसीवाली

मी पॅथॉलॉजीतली. मुठाकाठताई, ही फाइलमधल्या कागदाची गोष्ट मला नवीन नाही.

सगळ्यांसाठी थोडं सांगते. टक्क्यावर जाऊ नका, एकूण आकडा काढा. एकूण पांढऱ्या पेशी ११,००० आणि इओसिनोफिल २८ टक्के, तर ११,००० × ०.२८ = ३,०८०. नेहमीची मर्यादा साधारण ५०० पर्यंत. या आजारात आकडा सहसा १,००० च्या वर असतो. म्हणजे ६-७ टक्के आले म्हणून रात्रभर गूगल करत बसू नका. सर्दी, अ‍ॅलर्जी, अंगावरचं पित्त, कशानेही तेवढे येतात.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं: स्टेरॉइडची गोळी पोटात गेली की रक्तातले इओसिनोफिल काही तासांत घसरतात. खोकल्याची ढास थांबेना म्हणून मेडिकलमधून पुडीत बांधून आणलेल्या गोळ्यांत बऱ्याचदा एक पांढरी चिमुकली गोळी स्टेरॉइडची असते. तिने दोन दिवस बरं वाटतं, सीबीसी नॉर्मल येतो आणि शोध तिथेच संपतो. रक्त द्यायला येताना आधी काय काय खाल्लंय ते सांगा. आम्ही ओरडणार नाही.

आणि काही थोड्या रुग्णांत रक्तातले इओसिनोफिल वाढलेलेच नसतात, फक्त फुफ्फुसात असतात. सीबीसी नॉर्मल म्हणजे आजार नाही असं होत नाही.

---

शंकासूर

म्हणजे निष्कर्ष असा की आपल्याकडचे डॉक्टर एक्स-रे बघून सर्रास टीबीचं औषध ठोकतात. नवीन काय त्यात?

---

ओपीडी_नंबर_सात

शंकासूर, ठोकतात म्हणणं सोपं आहे. मी छातीच्याच ओपीडीत बसते. समोरच्या रांगेत टीबीचे रुग्ण रोज असतात, हा आजार कधीतरी एखादा. उलटी चूकही तितकीच महाग पडते: टीबी असताना ‘इओसिनोफिलिक असेल’ म्हणून स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो. त्यामुळे आधी टीबी शोधणं बरोबरच. पण शोधणं आणि गृहीत धरणं यांत फरक आहे. आता सीबीनॅट, ट्रूनॅट या टीबीच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासण्या आहेत, सरकारी केंद्रांत विनामूल्य होतात, काही तासांत उत्तर येतं. बेडका निघत नसेल तर दुर्बिणीने नमुना घेता येतो.

फिल्मवर टीबीकडे झुकवणाऱ्या गोष्टी: पोकळी, म्हणजे कॅव्हिटी, सीटीवर झाडाच्या फांदीला कळ्या याव्यात तसे बारीक ठिपके, आणि जुन्या व्रणाने आक्रसलेला वरचा खंड. या आजारात पोकळी जवळपास दिसतच नाही. छातीत पाणीही दहातल्या एकाला नाही. जाऊबाईंच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा डागाने जागा बदलली हा होता. टीबीचा डाग एकीकडून आपसूक नाहीसा होऊन दुसरीकडे उगवत नाही.

आणि व्ह्यूबॉक्स काका, एक भांडण. तुमची ती सुंदर निगेटिव्ह मला प्रत्यक्षात क्वचितच दिसते. विद्यार्थी ती पाठ करतात आणि मग एका बाजूचा ओबडधोबड डाग आला की हा आजार त्यांच्या डोक्यातही येत नाही.

---

व्ह्यूबॉक्स

भांडण मंजूर. दोन्ही बाजूंना सारखी, चित्रातल्यासारखी निगेटिव्ह निम्म्याहून कमी रुग्णांत दिसते. म्हणून तर एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारीक कापांचा सीटी. साध्या एक्स-रेत पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडतं. पाठीच्या कडेचा डाग फिल्मवर मध्यभागी भासू शकतो. सीटीत आडवे काप दिसतात, तेव्हा कळतं की अरे, हा तर छातीच्या भिंतीला चिकटलेला आहे. आजार दोन महिन्यांहून जुना असेल तर कधी कधी भिंतीला समांतर, तिच्यापासून थोडा आत, पांढरा पट्टा उरतो. म्हणजे कडेचा भाग आधी निवळतो आणि आतली रेघ मागे राहते. असा पट्टा दिसला की मी तरी रेफर करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, सीबीसी आहे का?

एक सख्खा भाऊ मात्र सीटीवरही फसवतो: ऑर्गनायझिंग न्यूमोनिया. तोही कडेला, तोही जागा बदलणारा, तोही स्टेरॉइडने विरघळणारा. तो जास्त करून खालच्या भागात, गाठीगाठींचा, आणि कधी मध्ये धुरकट नि भोवती पांढरं कडं असा दिसतो. पण खरं सांगायचं तर काही सीटी मी दोन्ही नावं लिहूनच पाठवतो. तिथे फोटोचं काम संपतं.

---

श्वास_रोखा

मी एक्स-रे टेक्निशियन. ‘श्वास घ्या… रोखा… सोडा’ म्हणणारा तो मीच. डॉक्टर लोकांनी सगळं सांगितलं, पण वरच्या भागातले निम्मे ‘डाग’ आम्ही तयार करतो, त्याचं कोण बोलणार?

लांब वेणी. खांद्यावरून पुढे आली की फुफ्फुसाच्या टोकावर झकास पांढरट छाया. आधीच ओली असेल तर विचारूच नका. म्हणून आम्ही अंबाडा बांधायला सांगतो, तर बायका वैतागतात. गळ्यातलं काढा म्हटलं की अर्धा तास चर्चा. दुसरं, खांद्याचं पातं. छाती प्लेटला टेकवून खांदे पुढे ढकला म्हणतो ते उगाच नाही. पातं बाजूला गेलं नाही तर ते नेमकं वरच्या बाहेरच्या कडेवर पडतं, म्हणजे काका सांगतायत त्याच जागी. आणि झोपलेल्या पेशंटचा पोर्टेबल काढला तर पातं आत येणारच, हृदयही मोठं दिसणार. त्यावरून बारीक मत देऊ नका.

---

व्ह्यूबॉक्स

श्वासराव, हा प्रतिसाद मूळ लेखात हवा होता. पात्याची कड सरळ आणि रेखीव असते, ती फुफ्फुसाच्या बाहेरपर्यंत जाताना दिसते. आजाराचा डाग विस्कटलेला असतो आणि त्यात श्वासनलिकांच्या काळ्या रेघा दिसू शकतात. तरी शंका आली तर फिल्म परत काढलेली बरी.

---

गोंदियाकर

मी कामानिमित्त पुण्यात, मूळचा गोंदियाचा. आमच्याकडे इओसिनोफिल वाढले म्हटलं की म्हातारी माणसंसुद्धा हत्तीरोगाचं नाव काढतात. लहानपणी आरोग्य खात्याचे लोक रात्री बोटातून रक्त घ्यायला घरी यायचे. हा आजार त्यातलाच का?

---

व्ह्यूबॉक्स

त्यातला नाही, पण हा प्रश्न पुण्यातल्या प्रत्येक डॉक्टरने रुग्णाला विचारायला हवा: तुमचं गाव कुठलं?

तुम्ही म्हणताय तो ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया. हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंतांविरुद्ध शरीर अतिरेकी लढतं, त्यातून होतो. खोकला आणि धाप मुख्यतः रात्री. इओसिनोफिल ३,००० च्या वर, आयजीई हे अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड खूप वाढलेलं. गंमत अशी की रात्री रक्त घेतलं तरी जंत सापडत नाहीत, कारण ते फुफ्फुसातच अडकून नष्ट होतात. त्यासाठी प्रतिपिंडांची तपासणी करतात. एक्स-रेत कडेचा जाड डाग नसतो, मधल्या आणि खालच्या भागात बारीक दाणे नि जाळी पसरलेली दिसते. औषध डायइथाइलकार्बामझिन, तीन आठवडे.

याचाही इतिहास टीबीशीच जोडलेला आहे. १९४० मध्ये फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन यांनी आताच्या आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या टीबी सॅनिटोरियममधले असे रुग्ण नोंदवले, जे टीबीचे म्हणून आले होते आणि टीबीचे नव्हते. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी ‘टीबीसारखा भासणारा’ असं म्हटलं. पुढे १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव रूढ केलं. म्हणजे ही गफलत आपल्याकडे निदान ऐंशी वर्षांची आहे.

---

पारवे_नकोत

आमच्या सोसायटीत डक्टमध्ये शेकड्याने कबुतरं. एक काका रोज पोतंभर ज्वारी टाकतात, बोललं की पुण्य सांगतात. यानेच होतो ना हा आजार? मीटिंगमध्ये प्रिंटआउट लावायचंय.

---

ओपीडी_नंबर_सात

प्रिंटआउट जरूर लावा, पण दुसऱ्या आजाराचं. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने होतो तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. त्यात इओसिनोफिल सहसा वाढत नाहीत आणि सीटीवर काळे, करडे, पांढरे असे ठिगळांचे तुकडे दिसतात. तो काही दुर्मिळही नाही. फुफ्फुसांच्या अशा आजारांची देशभरातल्या २७ केंद्रांतली नोंदणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात १,०८४ पैकी जवळजवळ निम्मे रुग्ण याचेच होते. आणि त्यांच्या घरांत पक्ष्यांपेक्षा एअर कूलर जास्त निघाले, तेवढं काकांना सांगू नका.

---

शंकासूर

बरं, मग फिल्म, सीबीसी, एवढ्यावर स्टेरॉइड सुरू? की यातही ‘देऊन बघू’च?

---

ओपीडी_नंबर_सात

चांगला प्रश्न, खोचक असला तरी. दुर्बिणीने फुफ्फुसाच्या एका भागात सलाइन सोडून परत ओढतात, लॅव्हाज म्हणतात त्याला. निरोगी माणसात त्या पाण्यात इओसिनोफिल एक टक्काही नसतात. या आजारात बहुधा ४० टक्क्यांच्या वर. त्याच पाण्यातून टीबी आणि बुरशीही तपासून होते. तुकडा काढायची वेळ सहसा येत नाही.

मग कारणं वगळायची. कुठली औषधं चालू आहेत? लघवीच्या जंतुसंसर्गासाठीचं नायट्रोफ्युरँटॉइन, काही वेदनाशामकं हेच चित्र उभं करतात. दम्यासोबत हातापायाला मुंग्या, पाऊल लुळं पडणं, अंगावर जांभळे डाग असतील तर तो रक्तवाहिन्यांचा वेगळा आजार, त्याची वाट वेगळी. अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जीही बघायची. आणि स्टेरॉइडच्या आधी जंत. शेतात अनवाणी वावरणाऱ्यांच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत वर्षानुवर्षं गप्प असू शकतो. स्टेरॉइड मिळालं की तो अंगभर पसरून जिवावर बेततं. त्याची शंका असेल तर आधी त्याचं औषध.

एवढं झालं की मग स्टेरॉइड, आणि तेव्हा ते ‘देऊन बघू’ राहत नाही.

---

मुठाकाठ

जाऊबाईंचं अगदी असंच झालं. दुर्बिणीची तपासणी झाली, टीबी नाही हे नक्की झालं, मग गोळ्या. दोन दिवसांत ताप गेला, आठवड्यात जिना चढून गच्चीवर पापड घालायला गेल्या. आम्ही सगळे थक्क.

आता गोळी कमी करत आणली आहे आणि त्यांना ती पूर्ण सोडायची घाई झालीय, कारण चेहरा सुजतो, साखर वाढलीय. परत होऊ शकतं का? दर वेळी सीटी करायचा का?

---

ओपीडी_नंबर_सात

ताई, गोळी त्यांनी स्वतःच्या मनाने सोडू नये. सुरुवात साधारण वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन अशी असते आणि ती सहा महिने ते वर्षभर हळूहळू उतरवतात. जवळपास निम्म्या लोकांत डोस कमी करताना किंवा बंद केल्यावर आजार परत येतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण परत आलेला आजारही स्टेरॉइडला तसाच दाद देतो. वारंवार येत असेल तर इओसिनोफिलवर नेम धरणारी इंजेक्शनं आहेत, महाग आहेत. साखर, बीपी, हाडं यांच्याकडे लक्ष द्यायचं. इनहेलर बंद करू नये, दमा स्वतंत्रपणे सांभाळायचा आहे.

सीटी दर वेळी नको. लक्षणं, साधा एक्स-रे आणि सीबीसी एवढ्यावर भागतं. काही वेगळं दिसलं तरच सीटी.

---

व्ह्यूबॉक्स

आणि फिल्म जपून ठेवा, एकेटीच्या आधीचीसुद्धा. डाग परत आला तर तो जुन्याच जागी आहे की नव्या, हे तिच्यावरूनच कळणार. पिशवीवर तारीख लिहा. सीटीची सीडी मागून घ्या. छापील फिल्मवर मोजकेच काप असतात आणि काळं-पांढरं कमी-जास्त करता येत नाही. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो मला पाठवू नका, त्यात डागापेक्षा तुमचा पंखा चांगला दिसतो.

---

साबुदाणावडा

सीडी मिळेल हो काका, पण ती लावायला ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर अख्ख्या सदाशिव पेठेत कुणाकडे आहे?

---

श्वास_रोखा

आमच्या सेंटरला पेन ड्राइव्ह चालतो, कोरा आणा. पण रिपोर्ट न्यायला याल त्याच दिवशी मागा; नंतर सर्व्हरवरून जुने स्कॅन काढून टाकतात.